धार आणि पाणी : सुताराच्या धारसाधनांच्या निवडीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

हत्यारांच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी करवत, वाकस, पटाशी आणि रंधा यांचा विचार पुष्कळ केला आहे. ती हत्यारे ज्या दगडावर घासली जातात त्या दगडाचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. हत्याराला आकार असतो, नाव असते, कधी कधी त्यावर नक्षीही असते. दगड वापराने झिजतो, मोडतो आणि अखेर इतर दगडांत मिसळून जातो. परंतु धार गेलेली पटाशी ही पटाशी नव्हेच. ती लोखंडाची एक पट्टी होय. तेव्हा सुतारकामाचा इतिहास लिहावयाचा तर सुताराने धारेसाठी कोणते साधन निवडले आणि ते कशाच्या आधारे निवडले, हा प्रश्न टाळता येणार नाही.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, प्रथम साधा वाळूचा दगड होता, मग अधिक कठीण खनिजे हाती आली, मग चाक आले, आणि शेवटी कारखान्यात तयार केलेले कृत्रिम दगड आले. प्रत्येक नव्या साधनाने जुन्यास मागे टाकले. हे उत्तर अगदी चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्यात सारे लक्ष दगडाच्या काठिण्यावर आहे. धारेच्या कामात दगडाइतकाच निर्णायक असा दुसरा पदार्थ असतो, तो म्हणजे द्रव : पाणी किंवा तेल. प्रस्तुत लेखात प्रथम शब्दांच्या, नंतर ग्रंथांच्या आणि शेवटी यंत्रांच्या साक्षीने असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, धारसाधनाची निवड ही दगड, द्रव आणि क्रम या तिहींची एकत्र निवड होती, आणि या तिहींपैकी द्रवाकडे जेथे दुर्लक्ष झाले तेथे त्याची किंमत हत्याराला, आणि काही ठिकाणी कारागिरालाही, मोजावी लागली.

विवेचनाच्या सोयीसाठी तीन क्रिया आरंभीच वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली पाणी देण्याची : तापविलेले पोलाद द्रवात बुडवून कठीण करणे. हे काम लोहाराचे. दुसरी उतार काढण्याची : पात्याचा कोन जाड दगडावर किंवा चाकावर घासून सिद्ध करणे. तिसरी धार निसण्याची : त्या उताराच्या कडेवर बारीक दगडाने अंतिम संस्कार करणे. रंध्याच्या पात्याचा उतार सामान्यतः २५ अंशांचा ठेवतात आणि शेवटची कड ३० अंशांच्या सुमारास निसतात. दुसरी व तिसरी या क्रिया एकाच दगडावर नीट होत नाहीत, हे कोणताही अनुभवी सुतार सांगेल.

२. शब्दांची साक्ष

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात अश्विनांना उद्देशून असलेल्या एका सूक्तात (२.३९) आमच्या स्तुतींना कुऱ्हाडीप्रमाणे धार द्या, अशा अर्थाची प्रार्थना आहे. तेथे कुऱ्हाडीसाठी ‘स्वधिति’ आणि धारेच्या दगडासाठी ‘क्ष्णोत्र’ हे शब्द आले आहेत. ‘क्ष्णु’ म्हणजे तीक्ष्ण करणे. याच धातुकुळातील लॅटिन शब्द ‘नोवाकुला’ म्हणजे वस्तरा. आणि या लॅटिन शब्दावरून धारेच्या एका अतिसूक्ष्म कणांच्या दगडास आधुनिक भूविज्ञानात ‘नोव्हॅक्युलाइट’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील आर्कान्सासच्या डोंगरांतून निघणारा हा दगड आजही सुतारांच्या वापरात आहे. वैदिक कवीचा दगड आणि अमेरिकन सुताराचा दगड अशा रीतीने शब्दाने एकमेकांचे नातलग ठरतात.

दुसरे कूळ ‘शा’ अथवा ‘शो’ या धातूचे. ‘निशित’, ‘निशान’ आणि ‘शाण’ हे शब्द त्यातले. लॅटिन ‘कोस’ आणि इंग्रजी ‘होन’ हे धारेच्या दगडाचे वाचक शब्दही याच मूळ धातूपर्यंत नेता येतात. मराठीत या कुळाचे दोन वंशज नांदत आहेत. ‘निशान’पासून निसणा आणि निसणे, ‘शाण’पासून सहाण. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) हे शब्द नोंदलेले आहेत. अर्थाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. निसणा हत्यारापाशी राहिला; सहाण देवघरात गेली आणि चंदन उगाळू लागली. पण दोन्ही ठिकाणी क्रिया तीच आहे : सपाट दगड, त्यावर थोडे पाणी, आणि हाताने दिलेली घासणी. हिंदीत ‘सान’, कानडीत ‘साणे’ आणि तमिळमध्ये ‘चाणै’ या रूपांनी हाच शब्द देशभर पसरला आहे.

मात्र शब्दसाम्यावरून किती निष्कर्ष काढावा याला मर्यादा आहे. सजातीय शब्दांवरून एवढेच सिद्ध होते की, दगडावर घासून धार लावण्याची क्रिया आणि तिचे नाव या भाषांच्या विभक्त होण्यापूर्वीचे आहे. तो दगड कोणत्या जातीचा होता, त्यावर पाणी टाकीत की तेल, हे शब्द सांगत नाही. त्यासाठी ग्रंथांकडे वळले पाहिजे.

३. ग्रंथांची साक्ष

येथे एक अडचण उभी राहते. आपल्या ग्रंथांना सुताराची आठवण फारशी नाही. काव्यात शाण येतो तो रत्नाच्या संदर्भात, आणि शस्त्रलक्षणांत येतो तो राजाच्या खड्गासाठी. सुताराच्या पटाशीविषयी कोणी लिहून ठेवले नाही. सुदैवाने वैद्याने आपल्या शस्त्रांविषयी लिहिले आहे. आणि पोलादाची कड मांस कापो की लाकूड, तिचे नियम मूलतः तेच असल्यामुळे ही साक्ष आपल्याही उपयोगाची आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठवा अध्याय शस्त्रांविषयी आहे. त्यात प्रथम धारेच्या जाडीचे प्रमाण कामानुसार ठरविले आहे. भेदनाच्या शस्त्रांची धार मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्रांची अर्ध्या मसुराएवढी, वेधन व विस्रावण यांची केसाएवढी, आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी असावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ‘सर्वांत तीक्ष्ण ती सर्वांत चांगली’ हा नियम नाही. ‘कामाला योग्य ती चांगली’ हा नियम आहे. खाच पाडण्याच्या जाड पटाशीचा उतार उभट आणि लाकूड सोलण्याच्या पातळ पटाशीचा उतार पसरट ठेवणारा सुतार हाच नियम पाळीत असतो.

पुढे त्याच अध्यायात ‘पायना’ सांगितली आहे. पायना म्हणजे पाजणे, शस्त्राला द्रव पाजून कठीण करणे. ती तीन प्रकारची : क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. बाण, शल्य आणि अस्थी यांच्या छेदनासाठी क्षाराची. मांसाच्या छेदन-भेदनासाठी पाण्याची. शिरांचा वेध व स्नायूंचे छेदन यांसाठी तेलाची. आधुनिक धातुविज्ञानाच्या दृष्टीने यात तथ्य आहे. क्षार मिसळलेल्या पाण्यात तप्त पोलाद साध्या पाण्यापेक्षाही लवकर निवते आणि तेलात सावकाश निवते. जितके लवकर निवेल तितके ते कठीण, पण तितकेच ठिसूळ होते. यानंतर निशानासाठी, म्हणजे धार लावण्यासाठी, उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला आणि धार टिकविण्यासाठी शेवरीच्या लाकडाचे फलक सांगितले आहे. पायना, शिला, फलक : हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) खड्गलक्षणाच्या अध्यायातही हाच भेद स्पष्ट आहे. केळीचा क्षार ताकात मिसळून, तो दिवसभर ठेवून, त्यात पाजलेले आणि नंतर नीट धार लावलेले लोखंड दगडावर भंगत नाही व इतर लोखंडावर बोथट होत नाही, असे तेथे म्हटले आहे. ‘पायित’ आणि ‘शित’ ही दोन वेगळी विशेषणे तेथे दोन वेगळ्या क्रियांसाठी आली आहेत.

याच सुमाराच्या काही शतके आधी रोममध्ये प्लिनी लिहीत होता. त्याच्या निसर्गेतिहासाच्या छत्तिसाव्या खंडात धारेच्या दगडांचे एक छोटे प्रकरण आहे. त्याची मांडणी पाहावी. दगडांचे वर्ग तो रंगाने किंवा काठिण्याने पाडीत नाही. त्यांना कोणता द्रव लागतो यावरून पाडतो. क्रीट बेटावरचे आणि लॅकोनियातले दगड तेल मागतात; नॅक्सॉस बेटावरचे पाणी मागतात; सिलिशियाच्या दगडांस तेल किंवा पाणी दोन्ही चालते; आणि न्हाव्यांच्या दगडास थुंकी पुरते. ज्या संस्कृतींचे तंत्रज्ञान परस्परांहून वेगळे वाढले त्या दोन्ही ठिकाणी लेखकाचे लक्ष प्रथम द्रवाकडे जावे, हा केवळ योगायोग नसावा.

यामागचे कारण सोपे आहे. घासताना निघालेले पोलादाचे कण दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत बसले म्हणजे दगड ‘बसतो’, कापेनासा होतो. द्रव हे कण उचलून बाजूस नेतो. मऊ, भरभर झिजणाऱ्या दगडाला पाणी मानवते, कारण त्याचा स्वतःचा लगदाच कापण्याचे काम करतो. घट्ट, सूक्ष्म कणांच्या दगडाला तेल मानवते, कारण ते लवकर वाळत नाही आणि कणांना तरंगत ठेवते. म्हणून दगड आणि द्रव यांची निवड वेगवेगळी होऊ शकत नाही.

४. ‘पाजवणे’

आता मराठीकडे येऊ. मराठीत धार लावणे या अर्थी ‘पाजवणे’ हे क्रियापद रूढ आहे : विळा पाजवणे, कोयता पाजवणे, पटाशी पाजवणे. रूपाच्या दृष्टीने ते ‘पिणे’चे प्रयोजक ‘पाजणे’ याच्याशी जोडलेले आहे. म्हणजे मराठी माणूस आजही हत्याराला धार ‘लावतो’ तेव्हा शब्दशः त्याला काहीतरी ‘पाजतो’. सुश्रुताची पायना आणि मराठीतील पाजवणे एकाच धातूची लेकरे आहेत. पण मधल्या काळात अर्थ सरकला आहे. पायना ही लोहाराच्या भट्टीपाशी घडणारी क्रिया होती. पाजवणे ही दगडापाशी घडणारी क्रिया झाली.

हे कसे घडले असावे? माझ्या मते याचे उत्तर बलुत्याच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे. गावगाड्यात लोहार आणि सुतार हे शेजारचे बलुतेदार. फाळ किंवा कुऱ्हाड बोथट झाली म्हणजे ती लोहाराकडे जाई. तो ती तापवून, ठोकून शेवटी, पाणी पाजी आणि दगडावर घासून परत देई. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सर्व एकच क्रिया होती : बोथट हत्यार गेले आणि धारदार परत आले. ज्याने पाहिले ते पाण्यात बुडणारे तांबडे लोखंड आणि दगडावर शिंपडलेले पाणी. दोन्ही ठिकाणी पाणी होतेच. तेव्हा ‘पाजणे’ हा शब्द एका क्रियेवरून शेजारच्या क्रियेवर सरकला, तर त्यात नवल नाही. पोलादाच्या गुणाला ‘पाणी’ म्हणण्याची रीतही याला पोषक झाली असावी. फारसी ‘आब’ या शब्दाचे पाणी, झळाळी आणि पात्याचा कस हे सर्व अर्थ आहेत, आणि मराठीचे ‘पाणीदार’ हे विशेषण त्याच कल्पनेच्या शेजारी उभे आहे.

‘पाजवणे’ आणि ‘निसणे’ हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे यावरून लक्षात यावे. पहिला द्रवाकडे बोट दाखवतो, दुसरा दगडाकडे. कोशात दोहोंपुढे ‘धार लावणे’ एवढाच अर्थ लिहिला म्हणजे हा भेद पुसला जातो.

५. फिरता दगड आणि कोरडी धूळ

हाताने घासण्याचा दगड आणि फिरता दगड यांच्यातील निवडीचे एक जुने चित्र उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये रँस शहराच्या परिसरात इ.स. ८२० ते ८३५ च्या दरम्यान तयार झालेल्या, आणि आज उट्रेख्ट येथे असलेल्या, स्तोत्रसंग्रहाच्या हस्तलिखितात एका स्तोत्राच्या चित्रात दोन पक्ष आपली शस्त्रे पाजवीत आहेत. दुर्जनांचा पक्ष साध्या दगडावर तलवार घासतो; सज्जनांच्या पक्षाजवळ दांड्याने फिरविण्याचा गोल दगड आहे. युरोपात दांड्याने फिरणाऱ्या धारचक्राचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानले जाते. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६२ साली यावर लिहिताना नवे यंत्र सज्जनांच्या बाजूस दाखविण्यात काळाची वृत्ती पाहिली. ते काहीही असो; चाकाची मोहिनी किती जुनी आहे हे यातून दिसते.

चाक जलद आहे. उतार काढण्याचे काम ते उत्तम करते. जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून भागशः प्रसिद्ध केलेल्या कारागिरीच्या ग्रंथात सुताराने पाते प्रथम फिरत्या दगडावर घासावे आणि मग हाताच्या दगडावर निसावे, असा क्रम दिला आहे. चाकाने हाताच्या दगडाची जागा घेतली नाही. त्याच्या आधीची पायरी तेवढी घेतली.

पण चाकाबरोबर एक नवा प्रश्न आला. वेगाने घर्षण वाढते, घर्षणाने उष्णता. पोलादाची कड सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली म्हणजे तिच्यावर निळी झाक येते, आणि ती झाक आली म्हणजे लोहाराने पाजलेले पाणी तेथे उतरले असे समजावे. त्या जागी धार लावता येते, पण ती टिकत नाही. म्हणूनच जुन्या धारचक्राखाली पाण्याची कुंडी असे.

पाणी काढून घेतले तर काय होते, याची सर्वांत कठोर साक्ष इंग्लंडमधील शेफील्ड शहर देते. तेथे वाळूच्या दगडाच्या मोठ्या चाकांवर पाती घासणारे हजारो कारागीर होते. सुऱ्या पुष्कळशा ओल्या चाकावर घासल्या जात. जेवणाचे काटे कोरड्या चाकावर. वाळूचा दगड म्हणजे मुख्यतः स्फटिक, आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथे कायमची बसते. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ साली या रोगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात कोरड्या चाकावरील कारागिरांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे आणि ओल्या चाकावरील कारागिरांचे क्वचितच ४५ वर्षांच्या पुढे जाणारे, असे दिले आहे. दोन्ही आकडे भयंकर आहेत. पण त्यांतील दहा वर्षांचे अंतर बऱ्याच अंशी पाण्याने पडलेले आहे. धारसाधनाची निवड ही केवळ कामाच्या सफाईची बाब नव्हे, हे एवढ्यावरून पटावे.

६. कुरुंदाचा प्रवास

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा आहे. बेसाल्ट बांधकामाला उत्तम, पण त्यात मोकळ्या स्फटिकाचे कण नसल्यामुळे कठीण पोलाद कापण्यास तो दुबळा पडतो. तेव्हा दख्खनच्या कारागिराला चांगला कापणारा दगड बाहेरून आणणे भाग होते. अशा आणलेल्या पदार्थांत महत्त्वाचा कुरुंद. काठिण्याच्या मोह्ज मापनात (१८१२) स्फटिकाचा क्रमांक ७, कुरुंदाचा ९ आणि हिऱ्याचा १०. कुरुंदाच्या जुन्या खाणी सेलम आणि म्हैसूरच्या प्रदेशांत आहेत. तमिळ ‘कुरुंदम्’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ यांत देणेकरी कोण याविषयी विद्वानांत मतभेद आहे. खनिजाच्या ठिकाणांकडे पाहता दक्षिणेच्या बाजूने झुकते माप द्यावे असे मला वाटते. तसे मानले तर उत्तरेचा शाण दक्षिणेस गेला आणि दक्षिणेचा कुरुंद उत्तरेस आला, असा देवघेवीचा हिशेब पुरा होतो.

सुश्रुताच्या त्याच आठव्या अध्यायात अनुशस्त्रांच्या यादीत स्फटिक आणि काच यांच्याबरोबर कुरुविंद आहे. रत्नशास्त्रांत माणकाच्या एका जातीस हेच नाव आहे. घासण्याचा दगड आणि रत्न यांना एक नाव देणे हा शिथिलपणा नव्हता. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील कुरुंदावर निबंध मांडला, आणि १८०२ साली बूर्नों यांनी स्फटिकरचनेच्या आधारे माणिक, नीळ आणि कुरुंद ही एकाच खनिजाची रूपे असल्याचे विवेचन केले. आपल्या शब्दाने जी गोष्ट आधीच गृहीत धरली होती तिला शास्त्राचा आधार मिळाला.

भारतीय कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मिसळून तिची चाके करीत आणि ती चामड्याच्या वादीने मागे-पुढे फिरवीत. शिकलगार व रत्ने घासणारे यांचे हे मुख्य साधन होते. या चाकाचा एक गुण सहज नजरेतून सुटतो. लाख उष्णतेने मऊ होते; म्हणून ते चाक फार वेगाने फिरवताच येत नाही, आणि पात्याचे पाणी उतरण्याइतकी उष्णता त्यावर सहसा निर्माण होत नाही. साधनाचा दुबळेपणा येथे हत्याराचा रक्षक ठरतो.

१८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन याने माती आणि कोळशाची पूड यांतून विजेचा प्रवाह सोडला तेव्हा त्याला चमकदार, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग आहे अशा समजुतीने त्याने ‘कार्बोरंडम’ हे नाव बनविले. वस्तुतः तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड होता. त्यात कुरुंद मुळीच नव्हता. परंतु गैरसमजातून जन्मलेले नाव टिकले, आणि दक्षिण भारतातील एक खाणशब्द अमेरिकेची वारी करून कारखान्याच्या शिक्क्यानिशी आपल्या सुताराच्या पेटीत परतला. उरणजवळच्या मोरा येथे १९४१ साली ग्राइंडवेलने धारचक्रांचे उत्पादन सुरू केले, आणि १९५४ साली मद्रास येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. कृत्रिम चाकांत वाळूच्या दगडासारखा मोकळा स्फटिक नसल्यामुळे शेफील्डचा तो जुना रोग मागे हटण्यास मोठी मदत झाली, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

७. निष्कर्ष

आज सुतारापुढे पर्याय पुष्कळ आहेत : एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस बारीक कणांचा जोडदगड, विजेवर फिरणारे कोरडे चाक, पाण्याच्या कुंडीतून सावकाश फिरणारे चाक, हिऱ्याची पूड बसविलेली पोलादी पट्टी. कृत्रिम हिरा तयार झाल्याचे १९५५ साली जाहीर झाले, त्यानंतर ही शेवटची वस्तू हळूहळू आवाक्यात आली. पण निवडीचे प्रश्न बदललेले नाहीत. पात्याचा उतार मोडला आहे की कडच बोथट आहे? पहिले असेल तर चाक किंवा जाड बाजू, दुसरे असेल तर बारीक बाजूच पुरे. पाते साध्या पोलादाचे असेल तर कोरडे चाक टाळावे, किंवा दर क्षणी पाते पाण्यात बुडवावे. दगडाला एकदा तेल दिले तर पुढेही तेलच द्यावे, कारण तेल प्यालेला दगड पाणी घेत नाही. आणि कडेच्या पाठीमागे उमटणारी धातूची केसाएवढी लव बारीक दगडावर किंवा चामड्यावर काढल्याशिवाय धार पुरी झाली असे मानू नये. सुश्रुताच्या शिला आणि फलक या जोडीचे प्रयोजन याहून फार वेगळे नसावे.

या विवेचनातून परिभाषेविषयी एक सूचना निघते. घर्षणाच्या पदार्थांना ‘अपघर्षक’ हा शब्द शास्त्रीय मराठीत रूढ झाला आहे, आणि वर्गनाम म्हणून तो योग्यच आहे. परंतु क्रियांसाठी सर्वत्र ‘धार लावणे’ किंवा एखादा नवा संस्कृत शब्द योजण्यापूर्वी आपल्याजवळ काय आहे ते पाहावे. पाणी देणे, शेवटणे, पाजवणे, निसणे हे चार शब्द चार पायऱ्यांसाठी वाटून देता येतात, आणि त्यांतील एकही बनवावा लागत नाही. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ते कारागीर वयस्क होत चालले आहेत. त्यांच्याकडून शब्द टिपून घेताना नुसता शब्द टिपू नये. दगड कोणता, त्यावर काय टाकले आणि कशानंतर काय केले, हेही त्याच नोंदीत लिहावे. तसे न केल्यास आपल्या कोशांत शब्द राहतील, पण त्यांची धार गेलेली असेल.